शेठच्या गाडीचं जुनं वायरिंग

त्या गाडीचा भोंगा आपोआप वाजायला लागला आणि अख्ख्या यवतमाळची करमणूक झाली. डावीकडे वळण घेतलं की भोंगा. ब्रेकवर पाय ठेवला की पुढचे दिवे मिचमिचायचे. एकदा भर बाजारात गाडी नुसती उभी होती, आत चिटपाखरू नाही, आणि ती ओरडायला लागली. भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "शेठची गाडी शेठले बोलावून राह्यली," असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. मीही त्या गर्दीत होतो. मला हसू आलं नाही. मोटारीच्या विजेचं काम करणाऱ्याला असल्या भोंग्याचा अर्थ एकच कळतो: आत कुठेतरी तारांची कातडी सोललीय आणि त्या एकमेकींना भिडायला लागल्यात.

ही साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. माझं दुकान म्हणजे घरापुढचं पत्र्याचं छप्पर. पांढरकवड्याच्या रस्त्यावर धावणारे ट्रक माझी खरी गिऱ्हाइकं. बॅटऱ्या भरायच्या, डायनामो बांधायचे, सेल्फ दुरुस्त करायचे. शेठची गाडी या वस्तीत शोभणारी नव्हती. युद्धाच्या आधीची, परदेशी, आठ सिलिंडरची, आत चामड्याच्या गाद्या आणि डॅशबोर्ड आक्रोडाच्या लाकडाचा. देश सोडून जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून शेठनं ती घेतली होती. रस्त्यानं चालली की तिच्या मागे पोरं धावायची, आणि शेठ त्यांच्याकडे बघतही नसत, पण काच मात्र खाली करून ठेवत.

ड्रायव्हरनं ती माझ्याकडे आणली तेव्हा मी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिलो. सगळ्या तारा एका जुडीत बांधून इंजिनाच्या कडेनं नेलेल्या होत्या, आणि त्या जुडीतून फांद्या फुटाव्यात तशा तारा डायनामोकडे, भोंग्याकडे, दिव्यांकडे गेलेल्या. एक तार चिमटीत धरली तर तिच्यावरच्या रबराचा भुगा माझ्या तळहातावर पडला. आत तांबं उघडं. शेजारची तार तशीच, तिच्या शेजारचीही तशीच. इंजिनाच्या आचेनं इतकी वर्षं भाजून ते रबर मेलं होतं, फक्त वरच्या कापडी विणीनं त्याला धरून ठेवलं होतं. दिव्यांना एक फ्यूज होता. बाकी सगळं रामभरोसे.

त्या गाडीत कोण बसतं याची मला फारशी फिकीर नव्हती. खरं सांगायचं तर शेठ आणि त्यांचा रुबाब दोन्ही जळाले असते तरी मी जेवायला वेळेवर बसलो असतो. मला काळजी होती ती गाडी कुठे उभी राहते याची. शेठचं जिन होतं, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. उन्हानं रंग उडू नये म्हणून गाडी त्या जिनाच्या आवारात, कापसाच्या मोठ्या छपराखाली उभी करत. आणि त्याच आवाराच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांची चाळ होती. त्या चाळीत माझी धाकटी बहीण राहायची. तिचा नवरा जिनात तेलपाणी करायचा.

जिनात आगीची भीती कशी असते हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. फाटकावर एक म्हातारा चौकीदार बसायचा. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेला, सगळे त्याला बाबा म्हणायचे. त्याच्यापुढे पत्र्याचा एक डबा असे. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपली आगपेटी त्या डब्यात टाकायची, निघताना परत घ्यायची. मजूर असो, गाडीवान असो, व्यापारी असो. शेठचा चांदीचा लायटरसुद्धा त्या डब्यात पडायचा, आणि बाबा तो घेताना मान खाली घालत नसे. तरुणपणी त्यानं एक जिन जळताना पाहिलं होतं. "लाकडाची आग चालते," तो म्हणायचा, "कापसाची उडते." रोज अंधार पडला की तो चाळीत दारोदार फिरायचा. चूल गार झाली का, चिमणी मालवली का, बघायचा. निजल्या घरात ठिणगी ठेवायची नाही असा त्याचा कायदा होता आणि शेठचा त्याला पाठिंबा होता.

आणि अशा या फाटकातून ती गाडी रोज आत जात होती. बाबा तिला सलाम करायचा.

मी शेठकडे गेलो. म्हटलं, "शेठ, सारं वायरिंग बदला लागन. कापूस यायच्या आत."

"टेप मारून द्या ना मिस्तरी. गाडी तर चालून राह्यली."

"टेप चिकटवू कायले? खाली काही राह्यलंच नाई."

ते हसले. म्हणाले, दिवाळीनंतर पाहू. मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला तर मुनीमानं मला पाणी आणून दिलं, म्हणजे आता निघा. दगडापुढे डोकं आपटून घेतल्यासारखं झालं. शेवटी माझं काम शेठच्या आईनं केलं. म्हातारीला घेऊन गाडी वणीकडे निघाली होती, वाटेत डॅशबोर्डातून धूर निघाला. ड्रायव्हरनं बॅटरीची तार उपटली म्हणून निभावलं. म्हातारी उतरली ती उतरलीच. मागून येणाऱ्या एका बैलगाडीत बसून ती परत आली आणि त्या मोटारीत पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या छपराखाली उभी होती.

त्या दिवसांत बहीण महालक्ष्म्यांच्या जेवणाला माहेरी आली होती आणि आईनं तिला ठेवून घेतलं होतं. तिला दिवस होते. याआधी दोनदा राहिले होते आणि दोन्ही मुलं हाती लागली नव्हती. एक जन्मताच गेलं, दुसरं आठवडाभर जगलं. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नसे. आई तिला नुसती वाढत राहायची. तीही जेवून घ्यायची आणि मग माझ्या छपरात येऊन पोत्यावर बसायची, मी काय करतो ते बघत.

मी जुनी जुडी अख्खी बाहेर काढली. तोडली असती तर काम लवकर झालं असतं, पण मग कुठली तार कुठे जाते याचा मेळ राहिला नसता. घराचा एक जुना दरवाजा काढून ठेवलेला होता, तो आडवा टाकला. त्यावर जुडी पसरली, जिथे जिथे फांदी फुटते तिथे खिळा मारला. आता जुडी उचलली तरी तिचा नकाशा दरवाजावर राहिला. त्या खिळ्यांमधून नवी तार ओढायची, मापाला तोडायची, टोकांना कथील लावायचं. इंजिनाजवळच्या तारांचे रंग काळे पडून एकच झाले होते, म्हणून प्रत्येक तारेच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला छोटा बल्ब लावून बघावं लागे. बल्ब लागला की मी "हा भोंगा," "हा डायनामो" म्हणायचो आणि बहीण त्या टोकाला चिंधी बांधायची. भोंग्याला लाल, डायनामोला हिरवी. जुन्या लुगड्याच्या चिंध्या होत्या.

मग ती म्हणाली, "पट्टी मी गुंडाळतो." वरून सुती पट्टी गुंडाळायची असते, अर्धी मागच्या वेढ्यावर चढवत, आणि तिच्यावर लाखेचं रोगण. माझ्या हातून वेढे सैल पडत. तिच्या हातून एकसारखे पडले. पोटावर ती जुडी घेऊन ती संथपणे गुंडाळत बसायची आणि मला वाटायचं, हे बरं चाललंय, हिच्याच चाळीजवळ ही गाडी उभी राहणार आहे, हिच्याच हातानं ती शहाणी होतेय.

जुन्या जुडीचा मागच्या दिव्यांकडे जाणारा भाग गाडीच्या पोटाखालून, थंडाव्यातून गेलेला होता. त्यावरची पिवळी-काळी चौकडीची वीण अगदी कोरी दिसत होती. बहिणीनं ती हातात घेतली.

"ही त चांगली हाय. हे कायले फेकतं?"

मी ती तिच्या कानाजवळ नेली आणि वाकवली. आत कर्रकर्र वाजलं. "ऐकलं? कापड चांगलं हाय. आतलं रबर फुटलं."

"अन् मंग काय होते?"

"दोन तारा जवळ आल्या, जरा ओल लागली, की करंट मधून वाट काढते. जाळ नाई, धूर नाई. आतच खात राह्यते. दिसतं तवा उशीर झाला राह्यते."

तिनं ती तार खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसला. थोड्या वेळानं म्हणाली, "दादा, यंदा चाळीत घट बसवतोत आम्ही. अखंड दिवा ठेवणार हाये मी." नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा, तो शांत होऊ द्यायचा नाही. सासूनं तिला सांगितलं होतं की कुळाचाराचा दिवा चुकला म्हणून मुलं टिकत नाहीत. चाळीत तो ठेवताच येत नव्हता, बाबाचा कायदा होता. माहेरी ठेवून चालत नाही, घट सासरच्या उंबऱ्याआतच बसतात. मी विचारलं, बाबानं यंदा परवानगी कशी दिली? "त्यानंच जुगाड काढला," एवढंच ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पुढे विचारलं नाही.

गाडी तयार झाली. इंजिनाच्या भिंतीतून जुडी जिथे आत शिरते तिथे सायकलच्या ट्यूबचं कडं बसवलं, बॅटरीवर मोठा फ्यूज घातला. चावी फिरवली. अँपिअरचा काटा मधोमध येऊन गप्प उभा राहिला. डावं वळण घेतलं, उजवं घेतलं, भोंग्यानं ब्र काढला नाही. मी स्वतः शेजारी बसून गाडी जिनाच्या फाटकापर्यंत सोडली, आणि बऱ्याच महिन्यांनी माझ्या छातीवरचा दगड उतरला. जुनी जुडी ड्रायव्हरच्या हवाली केली. आमच्या धंद्यात हा रिवाज आहे, काढलेला माल गिऱ्हाइकाला दाखवून परत करायचा. नाहीतर लोक म्हणतात, बदललंच नाही, नुसतं पुसून दिलं. "तांबं मोडीत घाला, बाकीचं भंगार हाय," असं मी त्याला बजावून सांगितलं.

घट बसायच्या आधी बहीण चाळीत परतली होती. नवरात्रात अष्टमीला मी तिच्याकडे गेलो. दसरा झाला की तिला बाळंतपणाला आणायची होती, ते ठरवायचं होतं. दसऱ्याला जिनाचा मुहूर्त असतो, पण वेचणी आधीच सुरू झालेली होती आणि कापसाच्या गाड्या येऊन आवारात रिकाम्या झाल्या होत्या. पांढरे ढीग चाळीच्या भिंतीपर्यंत पोचले होते. मी आगपेटी डब्यात टाकली. बाबा त्या दिवशी खुशीत होता. त्यानं माझा हात धरला आणि मला ओढतच चाळीकडे नेलं.

"चाल, दाखवतो तुले. याडीपुढं नऊ दिवसाचा दिवा हाय, अन् इस्तो नाई!" याडी म्हणजे त्याच्या बोलीत आई, देवी; इस्तो म्हणजे विस्तव.

चाळीच्या टोकाला बांबूचा छोटा मांडव घातला होता. आत देवी, तिच्यापुढे घट, घटाच्या मातीत गव्हाचे पिवळे कोंब. आणि देवीच्या डोक्यावर विजेचा एक बल्ब. आवारात त्याच वर्षी वीज आली होती. तेल नाही, वात नाही, ठिणगी नाही. बाबाच्या कायद्यातही बसलं आणि बायांचा अखंड दिवाही झाला. घटावर रोज एक माळ चढवायची असते. इथल्या बायांनी फुलांऐवजी कापसाच्या माळा केल्या होत्या, मनगटाएवढ्या जाड, पहिल्या वेचणीच्या. आठ माळा बांबूवरून खाली आल्या होत्या. भिंतीवरच्या बटणापासून दोन तारा एकमेकींना पिळून, त्या माळांमधून बल्बापर्यंत नेल्या होत्या. कापसाआड ती कुणाला दिसत नव्हती. मी माळ जरा सारून वर बघितलं. पिवळी-काळी चौकडी.

"बाबा, ही तार कुठली?"

"शेठच्या गाडीची. ड्रायव्हर फेकून राह्यला होता. कोरी हाय ना?"

अशा वेळी माणसानं शांतपणे बोलावं. मला ते कधीच जमलं नाही. मी त्या म्हाताऱ्यावर इतक्या मोठ्यानं ओरडलो की देवीपुढे बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. बाबाला अपमान झाल्यासारखं वाटलं. सगळ्या जन्मात त्याला कुणी आगीवरून बोललं नव्हतं.

"इस्तो कुठं हाय? मले दाखव. ना जाळ, ना धूर."

"तारेच्या पोटात हाय बाबा!"

मी बटणाकडे वळलो तर बहीण पुढे येऊन उभी राहिली होती. नववा महिना, एक हात कमरेवर, दुसरा भिंतीला टेकलेला. बटण तिच्या खांद्यामागे होतं.

"दादा, हात नको लावू. एकच दिवस राह्यला."

"बाई, सरक."

"पहिले दुसरा लाव," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती मला वाट काढून देत होती. "एका वातीवरून दुसरी वात लावतोत न आपण, मंग पहिली काढतोत. तसं कर. दुसऱ्या तारेवर दुसरा बल्ब लाव, मंग हा इझव. दिवा तुटन नाई."

तिचं खरं होतं. तसं करता आलं असतं. पण तार माझ्या दुकानात होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी सायकलवर आलो होतो. मी मांडवाजवळ गेलो. घटावर रोज सकाळी पाणी शिंपडत होते, वरची वीण ओलसर होती, आणि जिथे तार बांबूवरून वाकली होती तिथून तो वास येत होता. जळक्या रबराचा. अजून अगदी कोवळा, उदबत्तीच्या वासाखाली दबलेला. माळा ओढून काढाव्यात तर तारही ओढली जाणार. मी बहिणीला म्हटलं, इकडे ये, कान दे. ती आली. तेलात मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. तिनं माझ्या छपरात, माझ्या शेजारी बसून तारांबद्दल सगळं ऐकलेलं होतं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या डोळ्यांदेखत वरून काळा भुगा गळला आणि खालच्या पांढऱ्या माळेवर पडला.

ती बायांकडे बघत राहिली. एक म्हातारी वाती वळत होती. बांबूला बांधलेल्या झोळीत कुणाचं तरी मूल झोपलं होतं. भिंतीपलीकडे कापूस, त्याच्यापलीकडे कापूस.

"खरं सांग दादा. पेटन का?"

"पेटन."

"आज?"

मी खोटं बोलू शकलो असतो. हो म्हणालो असतो तर तिचं ओझं हलकं झालं असतं. "आज, नाई त उद्या. कदाचित मुहूर्ताच्या दिवशी. मले नेमकं नाई सांगता येत," मी म्हणालो.

"म्हंजे नाई बी पेटन."

"नाई बी पेटन."

मी पुन्हा बटणाकडे हात नेला. तिनं तो धरला.

"तू नको. घट माया हाय. उद्या कोनी म्हनन, भावानं दिवा मालवला. मीच निजवतो त्याले." मग ती देवीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली, उलट्या हातानं चाचपून बटण शोधलं आणि वर ढकललं.

भर दुपार होती. बल्ब गेला तरी उजेडात काही फरक पडला नाही. पण त्या चाळीतली एकही बाई हलली नाही. झोळीतलं मूल तेवढं जागं होऊन रडायला लागलं.

मी तार उतरवली. वाकलेल्या जागी वीण उकलली तर आत दोन्ही तारांच्या मध्ये कोळशाची रेघ तयार झाली होती, आणि तिला चिकटलेल्या माळेवर हरभऱ्याएवढा तपकिरी डाग. मी तो बाबाला दाखवला. त्यानं त्यावर अंगठा फिरवला, हुंगला आणि तिथेच खाली बसला. मग आपल्या बोलीत देवीशी बराच वेळ बोलत राहिला. मला त्यातलं काही कळलं नाही. मी सायकल हाणत दुकानी गेलो, नवी तार आणली, दिवेलागणीच्या आत बल्ब पुन्हा लावला. बाया येऊन नमस्कार करून गेल्या, पण आधीसारखं त्याच्यापुढे कुणी बसलं नाही. बहीण बसली. एकटीच.

दसऱ्याला मुहूर्त झाला, पेढे वाटले. शेठनं मला बोलावून सांगितलं, ऐन सणात आरडाओरड बरी दिसत नाही मिस्तरी, काही झालं तर नाही ना? लागलेली आग सगळ्यांना दिसते, न लागलेली कुणाला दाखवायची? गाडी दिमाखात आत-बाहेर करत होती. तिचा भोंगा आता फक्त शेठची मर्जी असली तरच वाजत होता.

बहीण माहेरी आली. ऐन दिवाळीच्या तोंडावर बाळंत झाली. मुलगी होती, पूर्ण वाढलेली, डोक्यावर दाट केस. ती रडलीच नाही. सुईणीनं उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, कांदा फोडून नाकाशी धरला. मग हळूच कापडात गुंडाळली.

गावाकडून तिची सासू आली. दारातच म्हणाली, "आपल्याच हातानं दिवा मालवला, मंग आता कोनाच्या नावानं रडाचं?" मी त्या बाईला नाही नाही ते बोललो. पाहुणी होती, वयानं मोठी होती, घरात बाळंतीण होती, कशाचीही पर्वा केली नाही. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. आतल्या खोलीत बहीण ऐकत होती. मला आजही त्या बाईचा राग येतो. आणि त्याहून जास्त राग मला याचा येतो की दोन मुलं तर दिवा न मालवताच गेली होती, हे त्या वेळी एवढ्या माणसांत कुणाला आठवलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे भाऊबीज झाली नाही.

पुढच्या वर्षी ती आली. वाळली होती. जिनात कामाला जायला लागली होती. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली. मी टोपी घालून बसलो. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली. मग ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. ताटात निरांजन होतं, तूप होतं, वात होती. ज्योत नव्हती.

"लाव न वं," आई म्हणाली.

बहिणीनं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि आगपेटी माझ्या हातात दिली. "दादा, तू लाव. माया हातचा दिवा टिकत नाई. घरी बी हेच लावतात, नाई त शेजारीण लावते."

वर्षभर तिनं एकही दिवा लावला नव्हता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला भडभडून आलं. मला तिला ओरडून सांगायचं होतं, आणि मी ओरडलोच, रडत ओरडलो, "बाई, तुया त्या हातानं सारी चाळ वाचली! त्या बाया, ते झोळीतलं लेकरू, सारं जिन उभं हाय तुयामुळं!"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हो न," ती म्हणाली. "जिन हाय. लाव दिवा."

मी काडी ओढली. पहिली विझली. दुसरी वातीला लागली. मग तिनं ताट उचललं आणि ज्योतीवर नजर ठेवून, एकदाही न हलू देता, मला ओवाळलं.